आईची टाच

नाताळ उद्यावर आला म्हणून ट्रंकेतून क्वायरचा पांढरा झगा काढला. डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये जाऊन उभी राहिले.

पप्पा ऑर्गन वाजवत. आई क्वायरमध्ये त्यांच्या अगदी जवळ उभी राही. नाताळच्या गीताचं शेवटून दुसरं कडवं ऑर्गनशिवाय, नुसत्या गळ्यांनी म्हणायची आमच्याकडे रीत होती. ते संपलं की आई लाकडी मंचावर टाच आपटायची आणि ऑर्गन पुन्हा उसळायचा. ती ताल धरते, असंच मला वाटे.

एका वर्षी आईचा घसा बसला आणि तिच्या जागी मी उभी राहिले. कडवं संपलं, पण ऑर्गन गप्पच. पप्पा हात उचलून बसलेले, चेहरा शांत, जणू आम्ही अजून गातोच आहोत. सगळं चर्च आमच्याकडे पाहू लागलं. पहिल्या बाकावरून आई बसक्या आवाजात म्हणाली, "पाय आपट वं पोरी, पाय!"

मी आपटला. फळी हादरली आणि पप्पांची बोटं पट्ट्यांवर पडली.

पप्पांना ऐकू येईनासं झालंय, हे तिनं माझ्यापासूनही लपवलं, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

"आई, कवाची हाका मारून राहिली मी! काहून ओ देत नाही?" माझी मुलगी दारात उभी होती. या आठवड्यात पुन्हा एकदा.

"झगा पाहून राहिली होती," मी म्हटलं.

ती वळली तशी मी घाईघाईनं चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवले. अमरावतीच्या या घरात लाकडी फळ्या नाहीत. फरशी काहीच सांगत नाही.