डाव्या वाटीचा दोष

हे मी आजवर बायकोजवळ बोललो नाही, सख्ख्या भावाजवळही नाही. आता तुमच्याजवळ बोलतोय ते मन हलकं करायला नव्हे — तो हक्क मला नाही आणि हौसही नाही. ऐकायचं तर ऐका. मध्येच माझी कीव आली तर मात्र उठून जा.

लढाईची वर्षं होती. नगरच्या छावणीत रणगाड्यांवरचे शिपाई शिकायला येत, आणि त्यांच्या बिनतारी संचांचे हेडफोन बिघडले की ते आमच्या दुरुस्तीखान्यात येत. माझं काम सगळ्यात शेवटचं. दुरुस्त झालेल्या हेडफोनच्या दोन्ही वाट्या कानांना लावायच्या, बॅटरीवरच्या बझरचा आवाज ऐकायचा, दोरी हलवून बघायची आणि ठीक असेल तर खडूनं खूण करायची. लोकांना वाटतं, आवाज येतो की नाही एवढंच बघायचं असतं. छे! आवाज घोगरा आला तर आतला पडदा सैल. किरकिरला तर कचरा. दोरी वाकवल्यावर तुटक झाला तर तार आतून गेलेली. आणि आवाज आहे, पण लांबून आल्यासारखा — म्हणजे लोहचुंबक थकलं. हे मी क्षणात सांगायचो, आणि फोरमन माझ्या शब्दावर माल पाठवायचा. गर्व होता का मला? होता. का नसावा?

मग एका पावसाळ्यात माझा डावा कान फुटला. महिनाभर वाहिला, आणि वाहायचा थांबला तेव्हा पार बंद झाला होता.

उपाय किती सोपा होता बघा. हेडफोन उलटा फिरवायचा आणि डावी वाटी उजव्या कानाला लावून ऐकायची. झालं. पण तसं केलं तर टेबलावरचे बाकीचे विचारणार — का हो, काय झालं? ते विचारणं मला नको होतं. म्हणून मी पूर्वीसारखाच दोन्ही कानांना हेडफोन लावत राहिलो, उजव्या कानानं ऐकत राहिलो आणि डाव्या वाटीची खूण अंदाजपंचे करत राहिलो. कपाळाला आठ्या घालून, बरं का — ऐकतोय असं दिसावं म्हणून!

आमच्याकडे कामाची वाटणी होती. उजव्या वाट्या उघडून साफ करायच्या आणि सुटलेल्या तारांना डाख द्यायचा, हे एकाचं काम. डाव्या वाट्या भागूजीच्या. भागूजी पारनेरकडचा, हाताचा सावकाश, पण चोख. चुकायचे दोघंही, अधूनमधून. उजवीकडची चूक मला ऐकू यायची. मी हेडफोन गुपचूप परत द्यायचो आणि प्रकरण तिथंच मिटायचं. भागूजीची चूक मात्र माझी खूण घेऊन थेट छावणीत जायची.

तक्रारी आल्या. परत आलेल्या सगळ्या हेडफोनांत डावी वाटीच मुकी. फोरमननं तो ढीग टेबलावर ओतला आणि भागूजीला समोर उभं केलं. मला काही विचारलंच नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं ना? पण विचारलं, सगळ्यांदेखत. मी म्हणालो, "माझ्या हातून गेले तेव्हा ठीक होते. डाख कच्चा असणार, मागाहून सुटला."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरच न्याय सांगायला बसला होता.

भागूजीला त्याच दिवशी काढलं. जाताना तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. मला पत्ताच नाही. शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा मी वळलो. भागूजी माझ्या कानाकडे बघत होता. मग तो वळसा घालून उजवीकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, असं हाय तर मला सांगायचं हुतं. मी माज्या वाट्या दोनदा बगितल्या असत्या."

फोरमन दहा पावलांवर होता. भागूजीनं त्याला हाक मारली नाही. मीही मारली नाही.

आता तुम्ही म्हणाल, दिवसच तसले होते, नोकरी गेली असती तर घरी काय खाल्लं असतं? उगीच माझी बाजू घेऊ नका. वडील कचेरीत कारकून होते, घरी दोन वेळा चूल पेटत होती. मी उपाशी मेलो नसतो. मला फक्त 'बहिरा' म्हणवून घ्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी एका चोख माणसाला कामचुकार ठरवलं, आणि ते भ्यालो म्हणून नव्हे — जमत होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन उलटा फिरवला आणि डावी वाटी उजव्या कानाला लावली. उघडउघड. कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. भागूजीच्या जागी आलेला माणूस त्याच्याहून जास्त चुकायचा; पण आता त्याची प्रत्येक चूक मला ऐकू येत होती आणि मी ती गुपचूप परत करत होतो. छावणीतल्या तक्रारी बंद झाल्या.

पंधरा दिवसांनी फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, भागूजी गेला आणि काम सुधारलं."

मी मान डोलावली.