ओनोरातोच्या मयताला वाजलेली धून

सेब्रियान मास्तरांनी जन्मभर संगीत लिहिलं. जत्रेतल्या नाचाच्या चाली, चर्चची भजनं, कुणाच्या लग्नासाठी एखादी गत. त्यातलं काही वेशीबाहेर गेलं नाही. गेली ती एक शोकधून, आणि ती कुणासाठी लिहिली होती हे त्यांच्या बहिणीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

बहीण कासिल्दा थोरली, विधवा. ऑलिव्हच्या टेकड्यांमधल्या त्या गावात ती भावाचं घर सांभाळी. तिचा एकुलता एक मुलगा लिसार्दो तेलाच्या घाण्यावर कामाला होता आणि मामाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. संध्याकाळी चढ चढताना तो शीळ घालत यायचा, रोज तीच चाल. ती कानावर आली की कासिल्दा लसणाचं सूप चुलीवरून उतरवी.

यादवी युद्ध संपलं, जिंकलेल्यांचं राज्य आलं, आणि ओनोरातो नगराध्यक्ष झाला. हरलेल्या बाजूचा म्हणून त्याच्या एका शब्दावर लिसार्दोला घाण्यावरून उचलला. दफनभूमीच्या भिंतीबाहेर गोळ्या घातल्या आणि तिथल्याच खड्ड्यात लोटला. शेजारच्या रेमेदियोसचा नवराही त्याच खड्ड्यात गेला. ना घंटा, ना मिस्साची प्रार्थना, ना शवपेटी. वर हुकूम असा, की असल्यांच्या बायकांनी आणि आयांनी शोकाचं काळं घालायचं नाही. ज्या गावात चुलत्यासाठी बायका दोन-दोन वर्षं काळ्यात राहत, तिथे कासिल्दा आपला तपकिरी झगा घालून पाणी भरायला जाई.

एकदा ती भावाला म्हणाली, "तू तरी काही कर ना रे."

"काय करू? माझा हात दगडाखाली आहे."

"दगडाखाली? आणि चौकात त्यांचं गीत वाजवताना कसा वर जातो मग? चांगला डोक्याच्या वर जातो."

मास्तर म्हणजे भित्रा माणूस होता. सूप तसंच ठेवून पियानोच्या खोलीत जाऊन बसला.

पुढच्या गुड फ्रायडेला दुःखी मरियामातेच्या मूर्तीची मिरवणूक निघाली. माता काळ्या मखमलीत, पुत्र गेलेली, एकटी. मागे बँड, आणि बँडची धून नवी होती. कासिल्दा मेणबत्ती घेऊन कडेला उभी होती. मधेच कर्णे थांबले, ढोल हलका झाला, आणि नुसती क्लॅरिनेटं वर आली. अगदी संथ, पाय ओढत चढ चढल्यासारखी. तिला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, आणि तिने शेजारणीचा दंड धरला. लिसार्दोची शीळ होती ती. सगळा रस्ता रडत होता. ओनोरातोनेही टोपी काढली होती.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "त्याला चर्चने दिलं नाही ते मी मातेच्या पदराआडून दिलं. पण कुठे बोलू नकोस. कळलं तर धून जाळतील."

"नाही बोलणार," ती म्हणाली. रोझरीची जपमाळ हातात घेऊन तिने मनात म्हटलं, माते, तुझं काळं तू माझ्यासाठीही घातलंस.

तेव्हापासून तिचं वर्ष त्या शुक्रवारापाशी येऊन थांबे. दुसऱ्यांच्या लेकरांना थडगी होती. तिच्या लेकराला तेवढी धून होती. शेजारच्या गावांचे बँडही ती मागून नेऊ लागले.

आणि मग एका हिवाळ्यात ओनोरातो पोटाच्या दुखण्याने गेला. त्याचा जावई मास्तरांकडे आला.

"मास्तर, सासऱ्यांची शेवटची इच्छा होती. मयताला गुड फ्रायडेची ती धून वाजवायची. ती ऐकली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं."

जावई गेला तशी कासिल्दा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात मसुराच्या पाण्याने ओले.

"आजारी पड," ती म्हणाली.

"मी पडलो तर दुसरा कुणी वाजवील. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. सांगू का?"

"सांग ना! सांग की, ज्याला तुमच्या सासऱ्याने मारलं त्याची आहे."

"आणि मग? शुक्रवारी काय ऐकशील?"

ती खुर्चीवर बसली. सांगावं तर लिसार्दोचं असलेलं तेवढंही जाणार. न सांगावं तर ते त्याला मारणाऱ्याच्या पेटीवर वाहायचं. तिने ओले हात झग्याला पुसले.

"वाजव," ती म्हणाली. "पण मी चालणार मागून."

"बायका दफनभूमीत जात नाहीत."

"मी जाणार. काळं घालून. उद्या कोण अडवतं मला बघू."

कुणी अडवलं नाही. नगराध्यक्षासाठी काळं घातलेल्या बाईला कोण अडवणार? ती बँडच्या मागोमाग, सगळ्या पुरुषांमध्ये एकटी चालली. दफनभूमीच्या भिंतीजवळ आल्यावर क्लॅरिनेटं सुरू झाली. मास्तरांनी तो भाग संपताच पुन्हा उचलायची खूण केली, मग पुन्हा. खांदेकरी कुरकुरले, पण बँडच्या पुढे जाता येईना. सगळी मयतयात्रा त्या खड्ड्यापाशी रेंगाळली. कासिल्दाने तिथे, उभ्या उभ्या, मुलासाठी प्रार्थना म्हटली आणि पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी ती पावाच्या भट्टीवर गेली तर बायका बाजूला सरकल्या. काळा झगा अंगावर तसाच होता.

रेमेदियोस म्हणाली, "शोभतं हो! माझा नवरा त्या खड्ड्यात, तुझा पोरगा त्या खड्ड्यात, आणि तू रडायला मेलेला शोधलास तो हा? काय दिलं गं त्याच्या विधवेनं तुला?"

"रेमे, अगं ऐक..."

"ऐकव ना. सगळ्यांना ऐकव."

कासिल्दाने तोंड उघडलं. मग तिला दिसलं, ओनोरातोच्या घरची मोलकरीण टोपली घेऊन दारातच उभी होती. कान टवकारून.

"मोठा माणूस होता गं," कासिल्दा म्हणाली. "गावासाठी खूप केलं त्याने."

रेमेदियोस तिच्या पायांपाशी थुंकली. कासिल्दाने पाव फडक्यात बांधले आणि चढ चढून घरी आली. गावाने तिला 'ओनोरातोची रडूबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव ती मरेपर्यंत सुटलं नाही. रेमेदियोसने तिच्याशी पुन्हा शब्द काढला नाही. कासिल्दा वारली तेव्हा शेजारच्या रेमेदियोसच्या घराने खिडकीसुद्धा उघडली नाही.