मावशीच्या वाहिनीची जागा

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका नव्या वाहिनीसाठी जागा करत होतो. उपग्रहावरून घरोघरच्या डिशपर्यंत येणारी वाट ठरावीक रुंदीची. एखादी बडी एचडी वाहिनी आत घ्यायची, तर दोन-तीन बारक्या वाहिन्यांना बाहेर जावं लागतं. आम्ही 'काढली' म्हणत नाही, 'जागा केली' म्हणतो. मावसबहीण सुजाता एवढंच म्हणाली, "दादा, आई गेली रे..." मी "निघतो" म्हणालो, आणि आधी हातातलं काम पुरं केलं.

मावशी नायगावला, बीडीडी चाळीत राहायची. काका गायनपार्टीत गायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना घरी जेवायलाही सवड नसे. एका छोट्या मराठी वाहिनीने एकदा त्यांचा कार्यक्रम चित्रित केला. पुढे काका वारले, पण वाहिनी रिकाम्या वेळात तोच कार्यक्रम लावत राहिली. कधी लावेल याचा नेम नाही. पडद्यावर कार्यक्रमांच्या वेळा दिसतात ना, तिथे त्या वाहिनीपुढे दिवसभर एकच ओळ असायची : 'माहिती उपलब्ध नाही'. म्हणून मावशी टीव्ही चालूच ठेवायची. काकांचा आवाज आला की पिठाच्या हातांनी समोर येऊन बसायची. "बघ हां, आता खोकतील," म्हणायची, आणि कडवं संपता संपता काका खोकायचे. "कितीदा सांगितलं, गाण्याआधी बर्फाचं पाणी नको. ऐकतील तर शपथ!" काका जणू शेजारच्या खोलीत होते.

"त्या वेळा तुमच्याच हापिसातून टाकतात ना रे?" तिने एकदा विचारलं. "मग ह्यांचं नाव टाक की. मला बाजारात तरी जाता येईल."

"टाकतो, मावशी." वाहिनीला दोन फोन केले असते तर झालं असतं. केले नाहीत.

मग जागा करण्यासाठी कमी बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या निवडायचं काम माझ्याकडे आलं. ती वाहिनी मीच निवडली. कोण बघतं ही, असं बैठकीत म्हणालोसुद्धा... आणि कोण बघतं ते मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन. "अरे, इथे कुणी बाई मिक्सर विकतेय. हे कुठे गेले?"

"सिग्नलची गडबड आहे, मावशी. येईल. त्याच नंबरवर येईल."

"तू सांगतोयस म्हणजे येणारच."

पुन्हा तिने विचारलं नाही. विसरली असेल, असं मी धरून चाललो. नायगावला जाणं मात्र टाळत राहिलो.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं उरकून माणसं पांगली, तेव्हा कोपऱ्यातला टीव्ही माझ्या लक्षात आला. बारीक आवाजात चालू होता. मिक्सरवाली बाई.

"हे काय लावलंस? बदल ना."

"हात होत नाही रे," सुजाता म्हणाली. "आईने कुणाला बदलूच दिलं नाही. मी सिरियलसाठी भांडायचे, तर म्हणायची, दादा म्हणालाय ह्याच नंबरवर येणार. आपण नेमके दुसरीकडे असू आणि हे गाऊन जातील. शेवटी शेवटी डोळे मिटून पडलेली असायची. मध्येच विचारायची, आले का गं?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच, कधी येणार रे? मलाही बाबांना ऐकायचंय."

मी सांगितलं. सगळं. सिग्नल कधी बिघडलाच नव्हता, हेही.

सुजाताने रिमोट माझ्या हातात दिला. "मग तूच बंद कर."

मी बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात मिक्सरची जाहिरात संपली, आणि दुसरी सुरू होण्याआधी क्षणभर पडदा काळा झाला... आम्ही दोघंही, सगळं ठाऊक असून, पुढे सरकून बसलो.