पाचही दिवे लाल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरहून राजुऱ्याची बस पकडली. मांडीवर खोक्यात नवी हार्डडिस्क आणि शर्टाच्या खिशात आदल्या दिवशीची आपट्याची पानं... पार सुकलेली.

गोष्ट दोन हजार सालानंतरची, माझी पहिली नोकरी. घर तिकडे कोल्हापूरकडे आणि सणाला रजा मिळाली नव्हती. हौसेनं सोनं घेतलं खरं, पण लॉजचा मॅनेजरसुद्धा गावी गेलेला. द्यायचं कुणाला? फार एकटं वाटलं होतं त्या संध्याकाळी.

तर, एका कोळसा खाणीच्या ऑफिसात डिस्क गेली होती. सर्व्हरच्या एका पेटीत पाच डिस्क असतात, एक गेली तर बाकीच्या चार मिळून निभावून नेतात. पण तिच्याऐवजी चुकून चांगली ओढली तर सगळंच बोंबललं. आणि आत होते खाणीचे नकाशे... जमिनीखाली कुठे पोखरलंय, कुठे पाणी साठलंय. टेपवरची कॉपी कधीची जुनी.

सर्व्हर रूम नलूबाईंनी उघडून दिली. त्यांचा नवरा खाणीत पाणी शिरलं तेव्हा गेला, त्याच्या जागी त्या शिपाई म्हणून लागलेल्या.

पेटीसमोर बसलो. बिघडलेल्या डिस्कचाच दिवा लाल होतो, बाकीचे हिरवे राहतात. इथे पाचही लाल! नागपूरच्या सीनियरला फोन लावला. तो म्हणाला, "पाचही? मग संपलं रे."

नलूबाई दारातच उभ्या होत्या. "नकाशे तर नाई ना गेले, साहेब? पोरं खाली उतरून राह्यले जी..."

उगाच एका दिव्यावरून बोट फिरवलं... तर बोटाला लाल लागलं. कुंकू!

"ते मी लावलं जी," त्या घाबरून म्हणाल्या. "काल मशिनीची पूजा नाई का? सगळे घरी गेले होते, मंग मीच केली."

हसावं की रडावं कळेना. कोरड्या फडक्यानं एकेक टिळा पुसला. चार दिवे हिरवे निघाले, एकच लाल. तरी त्या डिस्कचा नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी जुळवला, लोखंडी रॅकला हात लावून अंगातली वीज उतरवली. डिस्क थोडी बाहेर ओढून थांबलो, आतली चकती शांत झाल्यावरच पूर्ण काढली आणि नवी सरकवली.

बाकीच्या चारवरून ती भरेपर्यंत हलायची सोय नव्हती. नलूबाईंनी डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे केली. दुपारी उशिरा स्क्रीनवर 'सर्व ठीक' आलं, एक नकाशा उघडून पाहिला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नलूबाई कुंकवाची डबी घेऊन आल्या. "याले एकट्याले तसंच काऊन ठेवता?" मी दिव्यापासून लांबची जागा दाखवली. त्यांनी नव्या डिस्कला टिळा लावला... आणि बोटाला उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला.

मला एकदम भरून आलं. खिशातली सुकलेली पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली.

"काल काऊन नाई आले, भाऊ? पूजा करून गेल्यावर घरी एकटीच होती मी."

आता दसऱ्याला सोनं वाटायला निघताना आधी आठवून पाहतो, आपल्या गल्लीत आज कोण एकटं आहे... पहिलं पान तिथे.