वर्षालीचा पहिला नकार

वर्षाली भुयार हिला धनुष्य ओढताना पाहिलं, तर कोणालाही वाटेल की ही पोट्टी कोणाच्या बापाला भिणारी नाही. खांदे असे भरलेले, की बसमध्ये हिच्या शेजारी बसायला माणूस दोनदा विचार करतो. आणि खरं सांगू? साधं ‘नाही’ म्हणायचं म्हटलं, तर हिला ते जमायचंच नाही. तेवढ्यापायी पोरीनं पंजाबात वर्षभर जिवाचे हाल करून घेतले, आणि तेसुद्धा पेढ्यावरून. हसताय? हसा. पण आधी ऐकून तर घ्या.

भुयार मंडळी मोर्शीकडची. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, आणि घर महानुभाव पंथाचं. गावच्या बोलीत जयकृष्णी. एकाच परमेश्वराला मानायचं, त्याचंच नाव घ्यायचं. इतर देवांच्या देवळात जायचं नाही आणि तिथला प्रसाद खायचा नाही. भांडण कोणाशीच नाही. आता हे गावात पोरासोरांना ठाऊक. गणपतीचा प्रसाद वाटणारी पोरं भुयारांच्या दारावरून न थांबता पुढं जायची. शाळेत सरस्वतीपूजन असलं की गुरुजी आपणहूनच म्हणायचे, “वर्षाली, तू थ्या सतरंज्या झटकाले घे.” कोणी तिला विचारलं नाही, तिला कधी सांगावं लागलं नाही. तिच्या वतीनं अख्खं गाव नाही म्हणत होतं, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

मग अमरावतीला मावशीकडं राहून ती धनुर्विद्या शिकली, राज्यात चमकली, आणि खेळाच्या कोट्यातून पंजाबातल्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. खुशालराव, तिचे वडील, स्वतः सोडायला गेले. दोन पोती संत्री नेली होती, ती हॉस्टेलच्या वॉर्डनपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना वाटली आणि परत आले. पोरगी मागं राहिली. थंडी अशी की बोटं धनुष्याच्या दोरीला चिकटावी. हिची हिंदी ऐकून मुली पोट धरून हसायच्या. मुली वाईट नव्हत्या हो, पण गमत नव्हतं. संध्याकाळ झाली की जीव नुसता कासावीस व्हायचा.

त्यांच्या प्रशिक्षक सुदेश मॅडम. आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचा माणूस वळून पाहील. आणि मन तेवढंच मोठं. हिला ताप आला तेव्हा घरून डबा आणून हातानं भरवणारी बाई ती. मॅडम मातेच्या मोठ्या भक्त. पहिल्या स्पर्धेच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, “जय माता दी!” म्हणून गरजल्या आणि एकेकीच्या तोंडात प्रसादाचा पेढा घालत निघाल्या. वर्षालीची पाळी आली. सांगायचं होतं तिला. पण सांगायचं कसं, कोणत्या शब्दांत, कुठून सुरुवात करून? मॅडमचा हात तोंडाशी आला आणि तोंड उघडलं. झालं!

तिला वाटलं, आता बाण जमिनीत जाणार. देव शिक्षा करणार. आणि घ्या! त्या दिवशी पोरीनं आयुष्यात मारले नव्हते असे बाण मारले. सोनं मिळालं. मॅडमनी तिला उचलून घेतलं, “देखा? माता ने दिया!” आता ही जास्तच घाबरली. चुकलं असतं तर हिशोब सरळ होता. चूक केली, शिक्षा भोगली. पण चूक करून सोनं मिळालं, तर मग त्याचा अर्थ काय लावायचा? विचारायचं कोणाला?

आणि पुढं तर आणखीच वांधा झाला. मॅडमनी तिला टीमची ‘लकी’ ठरवून टाकलं. दर स्पर्धेला पहिला पेढा वर्षालीला, मग बाकीच्यांना. ती गपचूप गिळायची आणि नंतर कोपऱ्यात बसून नाव घ्यायची. पंजाबातही जयकृष्णी लोक आहेत, आश्रम आहे. खुशालरावांनी खटपट करून पत्ता मिळवून दिला होता. पण ही कोणत्या तोंडानं जाणार? घरून आशाबाईंचा, तिच्या आईचा फोन यायचा. “नाव घेतं ना बाई?” “घेतो ना आई.” तेवढं खरं होतं. बाकी सगळं पोटात.

शेवटी तिनं मनाशी ठरवून टाकलं. यंदाची आंतरविद्यापीठ स्पर्धा अमरावतीला होती. टीमसोबत जायचं, स्पर्धा खेळायची, आणि परत पंजाबात यायचंच नाही. धनुष्य मॅडमच्या हवाली करायचं, घरी राहून बीए करायचं. कोणाला काही सांगायला नको, विचारायला नको. बॅगेत सगळे कपडे भरून ती निघाली, तर तिची खोलीतली जोडीदार हरलीन म्हणाली, “चार दिन के लिए इतना सामान? शादी है क्या?” हिनं बॅगेची चेन ओढून घेतली.

भुसावळला गाडी बदलून मंडळी सकाळी अकोल्याला उतरली. खुशालराव स्टेशनवर हजर. गावातल्या पुंजारामची क्रूझर गाडी मागून आणलेली, डोक्याला पांढरा रुमाल, आणि चेहऱ्यावर हसू असं की मावत नव्हतं. “या, या! दंडवत प्रणाम!” मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनीही जोरात हात जोडले. धनुष्यांच्या पेट्या टपावर बांधल्या, खुशालराव चालवायला बसले, मॅडम त्यांच्या शेजारी, चार पोरी मागं. वर्षाली अगदी मागच्या सीटवर, दाराला चिकटून.

मूर्तिजापूर येईपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मॅडमना कपाशी दाखव, तुरी दाखव. मग मॅडम म्हणाल्या, “अंकल जी, पहले अंबादेवी के मंदिर चलेंगे. सुना है बहुत मान्यता है. और आपकी वर्षाली तो हमारी लकी है! प्रसाद सबसे पहले मैं इसी को खिलाती हूँ. पूरे साल से!”

वर्षालीनं मान वर केली. समोरच्या आरशात तिला वडिलांचे डोळे दिसत होते. ते डोळे एकदा वर आले, तिच्यावर थांबले आणि पुन्हा रस्त्याला लागले. “हो का?” एवढंच म्हणाले ते. मग गप्प. खुशालराव भुयार गप्प! जो माणूस टोलनाक्यावरच्या पोराचीसुद्धा विचारपूस करतो, तो बडनेऱ्यापर्यंत अवाक्षर बोलला नाही. हरलीन गाणी म्हणत होती, बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या, आणि हिला वाटत होतं की गाडीचं दार उघडावं आणि सरळ तुरीत उडी मारावी.

देवळापाशी गर्दी होती. खुशालरावांनी गाडी बाजूला लावली, उतरले आणि मॅडमपुढं हात जोडून आपल्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, “मॅडमजी, आपुन आरामसे दर्शन करके आओ. हम जयकृष्णी लोग हैं, हम अंदर नहीं आते. आपके चपला-जूते मैं सांभालता यहाँ. कुछ फिकर नको.”

म्हणजे संपलं. इतकं सोपं! ना आवाज चढला, ना मान खाली गेली. जसं कोणी म्हणावं, मी चहा घेत नाही, तुम्ही घ्या. वर्षाली बघतच राहिली. एवढ्याशा वाक्यासाठी ती वर्षभर मरत होती?

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. “और तू? तू तो आएगी न?”

तिनं वडिलांकडं पाहिलं. म्हटलं, आता बाबा सांगतील. पण खुशालराव म्हणाले, “माह्याकडं काय पाहतं? तुले इचारून राहिल्या त्या. तूच सांग.” आणि खाली वाकून चपला गोळा करायला लागले.

  “मैडम,” ती म्हणाली, “मैं भी नहीं आती अंदर. प्रसाद भी नहीं लेती. हमारे में नहीं चलता. मेरे को पहले दिन बोलना था. बोलना नहीं आया.”

 मॅडमचा चेहरा उतरला. “ठीक है,” एवढंच बोलून त्या वळल्या आणि पायऱ्या चढून गेल्या. त्या बाईचा आवाज एवढा लहान झालेला तिनं कधी ऐकला नव्हता.

बापलेक बाहेर राहिले. खुशालराव चपलांच्या जोड्या लावून त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकले. 

“बाबा, रागावले का?”

“तं काय नाचू?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी मुद्दाम नाई खाल्ला, बाबा. त्यायनं हात पुढं केला अन् मले...”

“पेढ्याचा राग नाई आला मले,” खुशालराव एकदम तिच्याकडं वळले. “तू वर्षभर एकटी कुढत राह्यली, अन् आमी इथं गावभर सांगत फिरून राह्यलो का आमची पोरगी मजेत आहे. याचा राग आला. फोन कायले देला तुले? नुसतं जेवली काय, झोपली काय हे इचाराले?”

ती हुंदके देऊन रडायला लागली. येणारेजाणारे पाहायला लागले, तर खुशालरावांनी डोक्याचा रुमाल काढून तिच्या हातात दिला. रडता रडताच तिनं सगळं ओकून टाकलं. सोन्याचं सांगितलं, लकी ठरल्याचं सांगितलं, परत न जायचं ठरवलंय तेही सांगितलं. “बाबा, देव रागावला असन काय?”

“तुह्यावर?” खुशालरावांना हसूच आलं. “अवं, खाऊन कोपऱ्यात नाव घेत बसे म्हणतं ना तू? मंग थो काय बहिरा आहे? माह्यासारख्या अडाण्याले समजते तुह्यं, त्याले नाई समजनार?” मग जरा थांबून म्हणाले, “आपल्या पंथाच्या महंत बाबांकडं जाऊ आपण रिद्धपूरले, स्पर्धा झाली का. त्यायच्यासमोर बोलून घेजो. मोकळं वाटन तुले. अन् राह्यचं का जायचं, थे मंग पाहू.”

तिला तर त्याच क्षणी मोकळं वाटलं होतं.

तेवढ्यात मंडळी बाहेर आली. मॅडम पुढं. खुशालरावांनी त्यांच्या सँडल उचलून पायांपुढं सरळ करून ठेवल्या, तशा मॅडम दोन पावलं मागं सरल्या. “अंकल जी, ये क्या कर रहे हैं आप! मेरे पिताजी की उमर के हैं!” मग वर्षालीपुढं येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल झालेले. “पूरा साल मैं तुझे ज़बरदस्ती खिलाती रही? और तूने बताया भी नहीं? मैं क्या इतनी डरावनी हूँ?”

“नहीं मैडम. आप बहुत अच्छे हो, इसलिए नहीं बोल पायी.”

“पागल!” मॅडमनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच जवळ ओढून घेतलं. आता त्याही रडायला लागल्या. हरलीन काय, ती तर संधीच शोधत असते. “मैडम, इसके हिस्से का पेड़ा अब से मेरा!” म्हणत तिनं आपला आणि हिचा, दोन्ही पेढे तोंडात कोंबले. सगळे हसले, खुशालरावही. मग ते सगळ्यांना अमरावतीचा दह्यात भिजवलेला गिला वडा खायला घेऊन गेले, आणि वर्षालीनं वर्षभराची भूक काढल्यासारखे इतके वडे हाणले की दुकानदारानं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मॅडमनी टीमला ओळीत उभं केलं. जय माता दी झालं, पेढे झाले. वर्षालीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, “तुम लोग क्या करते हो मैच से पहले?”

“नाम लेते हैं. मन में.”

“तो ले. यहीं ले, कोने में क्यों जाती है?”

वर्षालीनं डोळे मिटले. मागं मुली कुजबुजत होत्या, शेजारच्या टीमचा ढोल वाजत होता. आणि अख्ख्या मैदानावर जिचा आवाज ऐकू जातो ती बाई ओठांवर बोट ठेवून गरजली, “चुप! सब चुप! हमारी लड़की नाम ले रही है!” ढोलवाला दचकून थांबला. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागं उभ्या असलेल्या खुशालरावांनी हे पाहिलं आणि त्यांना भडभडून आलं. माणसासारखा माणूस, भर मैदानात डोळे पुसत होता.

टीम तिसरी आली. वर्षालीचे दोन बाण बऱ्यापैकी चुकले, एक तर चांगलाच भरकटला. पण ती लक्ष्याकडं चालत गेली, बाण उपटून आणले आणि हसतच परत आली. मॅडम ओरडत होत्या, कोपर खाली आलं, कोपर! ती मान हलवत होती.

मग दोरीपाशी येऊन म्हणाली, “बाबा, मी परत जातो पंजाबात.”

“जाय ना. मी कायले अडवू?” खुशालराव म्हणाले. “पण आता फोन केला का मले काय खाल्लं थे नको सांगू. जीव कसा आहे थे सांगत जाय.”

“आज सांगू?”

“सांग.”

“लय हलका आहे, बाबा,” ती म्हणाली आणि हरलीन हाका मारत होती तिकडं पळाली.