शिशाचं वजन

सुटीच्या दिवशी शिवडीच्या धक्क्यावर ते काका मासे गरवायला बसलेले असायचे. गिरणीत कामाला आहेत, एवढंच मला ठाऊक. "चढत्या पाण्यात टाक रे, उतरत्यात शिंगाळा मासासुद्धा गळ चावत नाही," असं न विचारता सांगायचे; वीट यायचा. पण दोरीला शिशाचं वजन बांधून ती अशी लांब फेकायचे, की आम्ही पोरं बघतच राहायचो.

संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात त्यांचा धाकटा भाऊ गेला. मोर्चातसुद्धा नव्हता, चाळीच्या गॅलरीत उभा होता; शिशाची गोळी तिथवर पोचली. महिन्याभराने ते धक्क्यावर आले, तेव्हा दोरीला साधा दगड बांधलेला होता. फेकलेली दोरी जवळच पडली.

मी माझं शिसं पुढे केलं. "हे बांधा काका, लांब जाईल."

त्यांनी हात मागे घेतला.

"माहितीय रे. कुठवर जातं, ते बघितलंय मी."