बुडवणारे आणि काढणारा

माझा बाप्तिस्मा मालवणजवळच्या समुद्रात झाला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. श्रद्धा पक्की होती, पण पोहता येत नव्हतं. आमचे पास्टर नाशिकचे, त्यांनाही येत नव्हतं.

वाळूत जाळं दुरुस्त करत बसलेला एक म्हातारा मच्छीमार आमची पांढऱ्या कपड्यांतली मंडळी बघत होता. विडी कानामागे खोचून तो जवळ आला.

"हयसर काय आसा?"

पास्टर प्रेमानं म्हणाले, "पाण्याखाली जातो तो जुना माणूस. वर येतो तो ख्रिस्तात नवा झालेला."

"बरां. बुडवतलो कोण?"

"मी."

"आणि काढतलो कोण?"

"मीच."

"तुमका पवाक येता?"

पास्टरांनी चष्मा पुसायला घेतला. म्हाताऱ्यानं लुंगी वर खोचली आणि न विचारता आमच्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात आला.

"पित्याच्या, पुत्राच्या..." इतक्यात लाट आली आणि पास्टरच पाण्याखाली गेले. म्हाताऱ्यानं त्यांना बखोटीला धरून उभं केलं.

"ह्ये झाले नवे," तो म्हणाला. "आता तुजो नंबर."

किनाऱ्यावरची मंडळी हसली, मी मात्र परत फिरलो. त्यानं माझा दंड धरला.

"भिया नको रे. बुडवूक तेंका दी. काढूक मी आसंय."

मी डोळे मिटले. या वेळी तिन्ही नावं पुरी झाली. वर येताना पाठीखाली दोन तळहात होते, एक मऊ आणि एक खरखरीत.

आजही प्रार्थनेत 'तारणारा' शब्द आला की मला तो खरखरीत हात आठवतो. पास्टरांना मी हे अजून सांगितलेलं नाही.